मधली फासळी

चैत्र लागला की माझ्या बिबवेवाडीच्या घरातली एक वस्तू दुपारी फुगते आणि पहाटे सैल पडते. दिवसाला एक श्वास. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहिले आहे; वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लेल्यांनी त्याची नोंद घ्यावी.

वस्तू तशी साधी आहे. सव्वा मीटर लांबीची, दंडाएवढी जाड, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली पातळ प्लास्टिकची नळी. नवी असताना ती काचेसारखी पारदर्शक होती, आता जुन्या नखासारखी पिवळट झाली आहे. पायाखाली फळी बांधून, आभाळातल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने समुद्रावरून धावण्याचा एक खेळ आहे. त्या पतंगाला काड्या नसतात. पुढे हवा भरलेला एक जाड कणा असतो आणि त्याला जोडलेल्या, हवेनेच ताठ होणाऱ्या पाच फासळ्या. पतंग पाण्यात पडला तरी या हवेमुळे तरंगतो. माझ्या भिंतीवर आहे ती अशा एका पतंगाची मधली फासळी. पतंग राहिला नाही. तो मीच कापला.

हे सारे आत्ता लिहिण्याचे कारण उन्हाळा एवढेच नाही. परदेशातल्या एका मंडळाची स्मरणिका कोणीतरी माझ्यापर्यंत पोचवली. तीत निखिल वानखडे यांनी आपल्या आईवर लेख लिहिला आहे. लेख हृद्य आहे, असे सांगणारे मला तिघे भेटले. त्या लेखात मी आहे: ‘पुण्यातले एक पंक्चरवाले आजोबा’. त्यांनी म्हणे सायकलच्या पंपाने हवा भरून एका भोळ्या बाईला वर्षानुवर्षे फसवले, आणि त्या फसवणुकीतही एक प्रकारचे प्रेम होते. प्रेमाचे प्रमाणपत्र मी मागितले नव्हते. पंक्चर मी आयुष्यात काढलेले नाही आणि सायकलचा पंप माझ्या घरात नाही. पण हे किरकोळ. निखिलच्या आईंना मी वहिनी म्हणत असे. त्यांना ‘भोळ्या’ म्हटले आहे, ते मात्र मी खोडून काढल्याशिवाय राहणार नाही.

माझी तीस वर्षे एका कारखान्यात गेली. तिथे हवेवर तरंगणाऱ्या होड्या आणि बुडत्याला वाचवणारी जाकिटे तयार होत, आणि प्रत्येक नग माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. गळती-तपासणीची खोली इमारतीच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती, आणि बारा महिने तेरा काळ आतले तापमान एकच असे. भिंतीला ओळीने टांगलेली साठ-साठ जाकिटे हवा भरून दिवसभर ठेवायची. छात्या फुगलेल्या, आत माणूस नाही. सकाळी दार उघडले की त्या साठही छात्या आपल्याकडे वळल्यासारख्या वाटत. नवी माणसे त्या खोलीत एकटी जायला कचरत. मी डबाही तिथेच खात असे.

नंतर बाहेरचा माल येऊ लागला, कारखान्याने आम्हां सर्वांना स्वेच्छेने निवृत्त केले. स्वेच्छा कोणाची, ते कागदावर नव्हते. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उठत होत्या तेव्हा मी घराच्या दाराशी पाटी लावली: ‘हवेच्या वस्तूंमधील गळती शोधून मिळेल. सायकल व मोटारीच्या ट्यूबा आणू नयेत. गळती नसल्यास तसे सांगितले जाईल.’ रुग्णांच्या हवेच्या गाद्या येत, मुलांचे पोहण्याचे टायर येत. मग एका सोमवारी, त्या काचेच्या इमारतींतला एक तरुण मोटारीतून वाळूने भरलेला पतंग घेऊन आला, आणि त्याच्यामागून त्याचे मित्र. शनिवार-रविवार कोकणात उडायचे आणि सोमवारी माझ्याकडे यायचे. वाळूचा एक कण आत शिरतो, कापड आणि आतल्या नळीच्या, म्हणजे फुग्याच्या, मध्ये बसतो, घासत राहतो. भोक असे पडते की डोळ्याला दिसत नाही. ते रिठ्याच्या फेसात शोधावे. तिथेही सापडले नाही तर वरचा ओठ ओला करून फुग्यावरून सावकाश फिरवावा. ओठाला कळते. कारखान्यातली यंत्रे जिथे हरत तिथे हा ओठ हरला नाही. आज माझे कान गेले आहेत हे मला मान्य आहे. ओठ शाबूत आहे.

निखिल वानखडे अशाच तरुणांपैकी. घरचे वऱ्हाडातले, नोकरीसाठी आलेल्या मुलाने आई-वडिलांना धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये आणले होते. वडील निवृत्त व्यायामशिक्षक. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही काढली नव्हती, असे ऐकतो. एकदा मुलाबरोबर हौसेने समुद्रावर गेले. तिथे पंपाचा दांडा मोडला. कणा आणि चार फासळ्या भरून झाल्या होत्या, मधली रिकामी होती. पोरे हात चोळत बसली तेव्हा सरांनी त्यांना बाजूला सारले, व्हॉल्व्ह तोंडात धरला आणि ती फासळी छातीच्या दमावर भरली. दिवस संपल्यावर कण्यातली हवा सोडून, फासळ्या तशाच भरलेल्या ठेवून पतंग गुंडाळायचा, ही या मुलांची रीत. तसा तो गुंडाळला आणि घरी माळ्यावर गेला. दहाव्या दिवशी सकाळी सर बुटाची नाडी बांधायला वाकले. ते उठले नाहीत.

चैत्रातल्या एका दुपारी वहिनी स्वतः माझ्या दारात उभ्या राहिल्या. मागे निखिल, हातात उलगडलेला निळा पतंग.

“भाऊ, ह्याच्यातली हवा कमी होऊन राहिली,” त्या म्हणाल्या. “तेवढी थांबवून द्या.”

“ठेवून जा. हवा काढून, सुकवून, ठिगळ लावून देतो.”

“काढायची नाही. हवा तीच राहिली पाहिजे.”

मी निखिलकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहणे टाळले. “काका, बाबांनी भरली होती ती. मी सहज बोललो घरी, तेव्हापासून हिने तो पतंग बेडरूममध्ये ठेवलाय. प्लीज, तुम्ही समजावा ना हिला. इट्स जस्ट एअर.”

“तू गप बस जी,” वहिनी म्हणाल्या. “भाऊंना विचारलं मी.”

बाहेर पडणारी हवा ठिगळाला चिकटू देत नाही. म्हणून गळती बुजवण्याआधी फुगा रिकामा करावाच लागतो. तीस वर्षांत मी दुसरे काही केले नव्हते. जगात कोणी केले असेल असेही वाटत नव्हते. एवढ्या कारणावरून मी हो म्हटले.

फुगा कापडाच्या खोळीत असतो आणि भरलेला फुगा खोळीतून सरकत नाही. खोळ कापावी लागणार होती. निखिल ओरडला, “काका, हा पुन्हा कोणी शिवू शकणार नाही इथे!” वहिनींनी टेबलावरची कात्री उचलून माझ्या हातात दिली. निळे कापड टराटरा फाटत गेले आणि आतली फासळी बाहेर आली. उघडी, फिकट, किंचित ओलसर. तेवढ्यात जिन्यावरून जाणारे लेले दारात डोकावले. “काय गद्रे, आज कोणाचा कोथळा काढलात?” मी दार लावून घेतले.

भोक व्हॉल्व्हपासून चार बोटांवर होते, ओठाने सांगितले. फडके गुंडाळलेल्या दोन लाकडी पट्ट्या घेऊन मी फासळी भोकाच्या दोन्ही बाजूंना घट्ट आवळली. मधल्या तुकड्यात अडकलेली हवा तेवढी जाणार होती. उरलेली दोन्हीकडे बंदिस्त.

“मधली किती जाईन?” वहिनींनी विचारले.

“ओंजळभर.”

“कुठं जाईन?”

“या खोलीतच.”

त्या उठल्या. खिडकी लावली, पंखा बंद केला आणि पुन्हा येऊन बसल्या. ठिगळ वाळेपर्यंत, चैत्राच्या ऐन दुपारी, त्या बंद खोलीत आम्ही तिघे घाम पुसत बसलो होतो. कोणीही मोठ्याने श्वास घेत नव्हते. निखिलसुद्धा. हे त्याच्या लेखात नाही.

मग मोजणीचा काळ आला. रोज भर दुपारी मी धायरीला जात असे. सिंहगड रस्त्यावर तेव्हा एक झाड उभे तर दोन पडलेली, आणि त्यांच्या मागे नव्या इमारतींचे सांगाडे. वहिनींच्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे होते. माणसाचा वास न लागलेल्या घरांच्या बंद दारांवरून दुपारची झळ वर चढत जाई, आणि तिसऱ्या मजल्यावर एकच दार उघडे असे. फासळी सरांच्या पलंगावर, सरांच्या बाजूला ठेवलेली. मी तिच्याभोवती दोरा गुंडाळी, जिथे टोके मिळत तिथे शाईची खूण करी. दुसऱ्या दिवशी खूण सरकली नसेल तर गळती नाही. इतके सोपे आहे हे शास्त्र.

“दुपारी हे भरून येतात,” वहिनी म्हणत. “सकाळी मी हात लावते तर सैल. बारा वाजले की छाती ताणते.”

“हवा तापली की फुगते, वहिनी. निवली की आकसते. त्यात सरांचा काही संबंध नाही.”

“मी कुठं म्हणते आहे? मी फक्त सांगून राहिली.”

तीन आठवडे खूण जागची हलली नाही. मी कागदावर लिहिले, ‘गळती नाही’, खाली सही केली. वहिनींनी तो कागद देवघरात ठेवला. निखिलला अमेरिकेत पाठवले जात होते; तोही निश्चिंत होऊन विमानात बसला.

तो दाखला खोटा होता. चूक अशी होती की कारखान्यात कोणी नवा उमेदवार करता तर मी त्याला दिवसभर उभा ठेवला असता. तीस वर्षे मी एकाच तापमानाच्या खोलीत मोजले. धायरीच्या फ्लॅटला ऋतू होता. चैत्रातून वैशाखात जाताना रोजची दुपार कालच्यापेक्षा जरा जास्त तापत होती. तेवढी हवा फुगत होती, आणि जेवढी फुगत होती जवळजवळ तेवढीच व्हॉल्व्हच्या मुळातून झिरपून जात होती. उन्हाने गळती झाकली. खूण हलली नाही म्हणून मी मान ताठ करून फिरत होतो, आणि फासळी रोज थोडी थोडी रिकामी होत होती.

पुढे एका रात्रीत हवा पालटली, आभाळ भरले, गारवा आला. सकाळी शेजारच्या फोनवर वहिनींचा निरोप होता. मी गेलो. पलंगावर फासळी मधोमध वाकून पडली होती, मान टाकल्यासारखी. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

“भाऊ, गेले का?”

या प्रश्नाला दोन उत्तरे होती. दोन्ही माझ्या ओठांवर आली आणि मी तिसरेच बोललो. “गारव्याने आकसली आहे. चहा टाका. बघतो.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या जुन्या फासळ्यांना आत हवा अडवणारा पडदा नसे, बूच काढले की तोंड मोकळे. मी व्हॉल्व्हची मान चिमटीत आवळली, बूच काढले, तोंड लावले आणि चिमटी सैल केली. फुंकायच्या आधीच आतली हवा माझ्या तोंडात आली. थंड नव्हती, उष्णही नव्हती. माझ्या जिभेवर, टाळूवर, घशात एक अनोळखी माणूस उच्छ्वास सोडत होता, आणि त्या उच्छ्वासाला लवंगेचा वास होता.

मग मी फुंकले. दहा-बारा वेळा. बूच लावले, फासळी उभी राहिली. वहिनी चहा घेऊन आल्या, पलंगाकडे पाहिले, कप माझ्या हातात दिला. बशीच्या कडेला एक लहान पितळी डबी होती.

“लवंग घ्या. ह्यांची दाढ दुखायची, कायम तोंडात असे. आता कोणी खात नाही.”

प्लास्टिकला स्वतःचा एक तिखट वास असतो. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या हवेत तो साचतो. तपासनीस म्हणून माझे मत त्या दिवशी हेच होते, आजही हेच आहे. फक्त एवढे नमूद करतो की डबी मी पाहिली ती नंतर.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जात राहिलो. लेल्यांनी या जाण्याची सोसायटीत जी आवृत्ती पसरवली ती मला पाठ आहे. एकदा मला जिन्यात अडवून म्हणाले, “काय, निघालात का धायरीला फुंकर घालायला?” मी म्हटले, “लेले, तुम्हांला कोणी बोलावत नाही हे तुमचे दुःख मी समजू शकतो.” खरी गोष्ट अशी की त्या घरात आमचे बोलणे फारसे होतच नसे. मी दोरा काढी. त्या डबी पुढे करत. मी लवंग दाढेखाली धरी. त्या म्हणत, “चहा टाकते. वेळ लागेल जरा.” आणि आत जात. एका माणसाच्या चहाला किती वेळ लागतो? त्यांना पाऊण तास लागे. मधूनच एखादे भांडे वाजे, न लागणाऱ्या जागी नळ सुटे. आणि बाहेर येण्याआधी त्या दाराशी न चुकता खोकत.

निखिलराव, आपण हुशार आहात, मोठमोठ्या यंत्रांच्या चुका शोधता. मला हे उमगायला दोन वर्षे लागली, आपल्याला अजून उमगलेले नाही. लवंग आधी, चहा नंतर. पाहुण्याला कोणी चहाच्या आधी लवंग देते का? आत जाणाऱ्या फुंकीला कोणता वास असला पाहिजे, ते आपल्या आईने ठरवले होते. वेळ त्यांनी दिला, आडोसा त्यांनी दिला, खोकून सूचना त्यांनी दिली. मी छाती तेवढी पुरवली. फसवणूक झाली असेल तर ती दोघांनी मिळून केली, आणि त्यांतला मुख्य मी नव्हे. भोळे कोण, याचा शोध आपण आपल्या घरी घ्यावा.

आपण त्यांना अमेरिकेला न्यायला आलात तेव्हा फासळी विमानात नेता येईल का, असे वहिनींनी मला विचारले, आणि मी खरे उत्तर दिले: उंचावर फासळी फुगेल, जुने ठिगळ सुटेल. वहिनींनी ती फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणून दिली. वर डबी ठेवली. “तुमच्याकडे राहू द्या भाऊ,” म्हणाल्या. “सवय आहे तुम्हांला एकमेकांची.” मग दर पाडव्याला त्यांचा फोन येई. “कसे आहेत?” मी म्हणे, “ठणठणीत.” आजवर कोणत्याही फोनवर मी इतक्या जबाबदारीने एक शब्द उच्चारलेला नाही. फासळी माझ्या भिंतीवर, डबी स्वयंपाकघरात, आणि महिन्याचा पहिला शनिवार मी इथेच पाळत आलो.

गेल्या फाल्गुनात वहिनी तिकडेच गेल्या. कळले तेव्हापासून मी फासळीला तोंड लावलेले नाही. ज्यांच्यासाठी राखायची त्या राहिल्या नाहीत, माझाही दम आता तीन पायऱ्यांत संपतो. सावकाश रिकामी होऊ द्यावी, असे ठरवले. व्हॉल्व्ह मुळाशी गळतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? माझ्या अंदाजाने आजवर दोरा बोटभर सैल पडायला हवा होता.

तो सैल पडलेला नाही. रोज बाराला मोजतो. खूण जिथल्या तिथे. काल तर जवभर पुढेच होती. ऊन वाढते आहे, ऊन गळती झाकते, हा धडा मी एकदा शिकलो आहे. दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडणार नाही.

पण आज मोजताना लवंगेचा वास आला. मी दोरा तसाच सोडून स्वयंपाकघरात गेलो. डबी फडताळात होती, झाकण घट्ट होते. परत येऊन वरचा ओठ ओला केला आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी नेला. बारीक, गार रेघ लागली. हवा बाहेर येत होती, यात शंका नाही. मी पुन्हा दोरा गुंडाळला. टोके खुणेवर मिळाली. ओठ म्हणतो, गळती आहे; दोरा म्हणतो, काही कमी झालेले नाही. दोन्ही साक्षीदार माझेच. ओठ आजवर खोटा पडलेला नाही; दोरा एकदाच पडला, तोही उन्हामुळे.

दुपारचे साडेबारा झाले आहेत. सोसायटीत चिटपाखरू नाही. लेलेसुद्धा झोपले असावेत. समोर फासळी ताणून उभी आहे. जुन्या सवयीने कागदावर लिहून ठेवले आहे: ‘गळती नाही’. सही केलेली नाही. हवा पालटू दे.